ज्याचा ठोका कमी, त्याची दुरडी

आमच्या घरात हृदयाच्या ठोक्यांची स्पर्धा लागली होती, असं सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. पण लागली होती, आणि वर्षभर मी ती हरत होतो. समोर होते माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय पंच्याहत्तर, मुक्काम कन्नडच्या अलीकडचं आमचं गाव, अर्धं आयुष्य मेंढरांमागे आणि उरलेलं दोन एकरांत. मी पन्नाशीतला, मुक्काम शहरात, बेगमपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर, आणि आयुष्य चितेगावच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, खुर्चीवर.

भांडण होतं देवाच्या दुरडीचं. माघ पौर्णिमेला आमची सगळी भावकी गावाजवळच्या डोंगरावर देवाला जाते. देवाचा चांदीचा टाक, भंडारा, नारळ आणि नैवेद्य बांबूच्या दुरडीत घालून एकाने ती डोक्यावर घ्यायची आणि चढायचं. नियम दोनच. दुरडी भुईला टेकवायची नाही, आणि नेणाऱ्याने वाटेत बसायचं नाही. चाळीसेक वर्षं ही दुरडी दादांच्या डोक्यावर होती. आता ती थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या डोक्यावर यायची होती. मला ती हवी होती. इतर बाबतींत मी फार हट्टी माणूस नाही, पण भावकीतल्या चुलत्यांनी मला ‘खुर्चीवाला’ म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं, एवढा गरीबही नाही.

गेल्याच्या गेल्या माघात ठरलं होतं, की तिसऱ्या वळणाला दादा दुरडी माझ्या डोक्यावर देतील. त्या वळणापर्यंत मी मोकळ्या हातांनी पोचलो आणि तिथल्या धोंड्यावर बसलो. ठरवून नाही बसलो, गुडघ्यांनी परस्पर निर्णय घेतला. बसला तो बाद. दादांनी माझ्याकडे एकदा बघितलं, दुरडीखालची चुंबळ सारखी केली आणि तसेच वर गेले. माझ्या मनगटावर मुलीने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ होतं. त्यात ठोके दिसतात. आकडा होता एकशे एकाहत्तर.

खाली आल्यावर दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आरं, तुझं काळीज पोत्यातल्या मांजरावानी धडपडतंय."

मुलगी आजोबांना समजावत होती. चढताना सगळ्यांचेच ठोके वाढतात. खरी परीक्षा सकाळी, जाग आल्यावर, अंथरुणात निवांत पडलेलं असताना. व्यायामाने कसलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात.

"म्हंजी दमदार बैलाला घाई नसती," दादा म्हणाले. त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने दोघांचेही ठोके बघितले. माझे शहाऐंशी, दादांचे बावन्न. दादांनी तिथल्या तिथे, चहाचा कप हातात घेऊन, कायदा करून टाकला: "ज्याचा ठोका कमी, त्याची दुरडी. पुढच्या माघात बघू."

शहरात आलो आणि मी विद्यापीठामागच्या टेकडीवर जायला लागलो. पहाटे सव्वापाचला. तिथे रोजचं एक टोळकं आहे. त्याचा व्यायाम टेकडीवर सुरू होतो आणि पायथ्याच्या पोह्यांच्या गाडीवर संपतो. टोळक्यातले एक निवृत्त चाचा तर टेकडीकडे पाठ करूनच उभे असायचे. "मियाँ, दिल का काम बाद में, पहले पोहे," म्हणायचे. पहिला महिनाभर मी त्यांचं ऐकलं. टेकडीवर जे कमावलं ते तर्रीत बुडवलं. ठोके शहाऐंशीचे पंच्याऐंशी झाले. मग मी पोहे सोडले, कारखान्यात लिफ्टऐवजी जिना धरला, आणि कंपनीच्या बसमधून एक थांबा आधी उतरून चालायला लागलो.

घरात मात्र माझ्या आकड्याला एक शत्रू होता. सकाळी डोळे उघडले की मी हलायचो नाही, बोलायचो नाही, छतावर नजर लावून मनगट पोटावर ठेवून पडायचो. बायको दारातून विचारायची, "झालं का मरून?" आणि ठोके तीनने वाढायचे. एकदा एकाहत्तर दिसत होते, अगदी स्थिर, तेवढ्यात ती म्हणाली, "माझी बहीण येतीये, पंधरा दिवस राहणार आहे." घड्याळ ब्याऐंशीवर गेलं. "यंत्र खरं बोलतंय," ती म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत आकडा छान राहिला.

दिवाळीपर्यंत मी सत्तरवर आलो. महिन्यातून एकदा दादा एसटीने शहरात यायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर बांधायचो आणि माझा अपमान व्हायचा. तरी दर वेळी ‘दादा, तुम्ही लई भारी’ तोंडातून निघायचंच. उन्हाळ्यात पन्नास. पोळ्याला सेहेचाळीस. दिवाळीत बेचाळीस. मी रोज टेकडी चढत होतो आणि हा माणूस काहीही न करता माझ्या पुढे पळत होता. खरं तर काहीच करत नव्हते ते. शेतात जाणं त्यांनी कमी केलं होतं, बांधावर बसून गड्याला ओरडायचे. मला वाटायचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं चालणं आहे अंगात, ते आता व्याजासकट निघतंय.

आणि त्यांना शहराचं नवल वाटायला लागलं होतं, असं मला वाटायचं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दादा वर येताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे. भिंतीला हात लावून दारांवरची नावं वाचत उभे राहायचे. शाळा तिसरीपर्यंतच, त्यामुळे वेळ लागायचा. "शेजारी कोण हाय ते मानसाला ठावं पाहिजे," म्हणायचे. मी वरच्या पायरीवर पिशवी घेऊन उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारपणी वाचनाची गोडी लागली, चांगलं आहे.

पौषात आले तेव्हा घड्याळाने अडतीस दाखवले. मी हरलो तर होतोच, म्हणून निदान हरण्याचा थाट करावा असं ठरवलं. घड्याळाचा फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पंच्याहत्तरीतला गडी. पोरांनो, शिका.’ तासाभरात सगळीकडून टाळ्या, फेटे, बैल. चुलत्यांनी फोन करून दादांना शाबासकी दिली. दादा फोन कानाला लावून लाजत होते. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच बघितलं. दुसऱ्या दिवशी ते गावी गेले.

त्याच आठवड्यात टेकडीवर मी आमच्या सिस्टरांपुढे रडगाणं गायलो. सिस्टर म्हणजे टोळक्यातल्या निवृत्त परिचारिका, जन्मभर दवाखान्यात काढलेल्या, आणि आमच्यात खरोखर चढणाऱ्या एकट्याच. मी म्हटलं, "बघा ना, मी वर्षभर मरतोय आणि म्हातारा अडतीसवर."

त्या थांबल्या. त्या चढावर कधी थांबत नसत.

"व्यायाम काय करतात ते?"

"काहीच नाही. उलट आता शेतातही जात नाहीत."

हे वाक्य मी बोललो आणि मगच मला ऐकू आलं.

"चक्कर येते? चढताना थांबतात?"

माझ्या डोळ्यांसमोर जिना आला. भिंतीला लावलेला हात. पहिला मजला, दुसरा मजला, नावं.

सिस्टर म्हणाल्या, "कसलेल्या माणसाचा ठोका सावकाश पडतो आणि तो डोंगर चढतो. तुमच्या वडलांचा सावकाश पडतोय आणि त्यांना जिना चढवत नाही. या दोन्हींत फरक आहे. आजच घेऊन या."

मी टेकडीवरून ज्या वेगाने उतरलो, त्या वेगाने वर्षभरात कधी चढलो नव्हतो. ओळखीच्या एकाची गाडी घेऊन गाव गाठलं. दादा ओट्यावर बसले होते. दवाखान्यात चला म्हटल्यावर हसले. "हरला म्हनून डागदराकडं तक्रार करतो व्हय?"

दवाखान्यात त्यांचा ईसीजीचा कागद निघाला, तो बघून डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवरून उठूच दिलं नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला निरोप खालच्या कप्प्याला पोचत नव्हता. खालचा कप्पा बिचारा आपल्याच मनाने कसाबसा चालत होता. पेसमेकर बसवावा लागेल, आणि लगेच. डॉक्टरांनी सहज विचारलं, "ठोके कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही का?" मी काय सांगणार? लक्षात आलं होतं, साहेब, आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

बाहेरच्या बाकावर मी बसून होतो. नुसता बसून. घड्याळात एकशे बारा होते. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. ज्या माणसाने एवढी वर्षं डोक्यावरची दुरडी भुईला टेकू दिली नाही, तो माझ्या डोळ्यांदेखत मजल्यामजल्याला भिंतीला टेकत होता, आणि मी आकडे मोजत होतो.

पेसमेकर बसला. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान. दादा त्याला सेल म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातल्या जेवणाला नावं ठेवली, तेव्हा बायको म्हणाली, "आता बरे आहेत." डॉक्टरांनी सांगितलं, महिना-दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. माघ पौर्णिमा तीन आठवड्यांवर होती.

पौर्णिमेला डोंगराच्या पायथ्याशी भावकी जमली. दादांना जीपमध्ये बसवून आणलं होतं. दुरडी भरून एका पुतण्याच्या हातात तयार होती. मी चुंबळीसाठी डोकं पुढे करणार, तेवढ्यात दादा म्हणाले, "थांब. कायदा म्हंजी कायदा. घड्याळ काढ."

सगळ्यांसमोर घड्याळ फिरलं. माझे सहासष्ट. वर्षभराची कमाई. मग दादांच्या मनगटावर. साठ. सेल त्याच्या खाली जाऊच देत नाही.

"जिंकलो," दादा म्हणाले.

कुणी हसेना. चुलते एकमेकांकडे बघायला लागले, कारण म्हाताऱ्याचा काही भरवसा नाही, खरोखर चढायला निघेल. दादांनी सगळ्यांना पुरेसं घाबरू दिलं. मग घड्याळ काढून मला परत दिलं.

"पर हे साठ माझं नाय, सेलाचं हाय. सेलाला दुरडी देत नसत्यात."

मांडीवरची चुंबळ त्यांनी उजव्या हाताने उचलली. त्यांच्याच जुन्या फेट्याची, घामाने काळी पडलेली. एका हाताने ती माझ्या डोक्यावर नीट बसेना. मी गुडघ्यात वाकलो, त्यांनी ती दाबून बसवली, आणि वर दुरडी आली.

मी चढलो. छान चढलो असं म्हणणार नाही. तिसऱ्या वळणावर तो धोंडा होता, तसाच, रिकामा, बसा म्हणणारा. मी उभ्यानेच श्वास घेतला, चारदा, पाचदा, आणि पुढे गेलो. वर देवापुढे पुजाऱ्याने दुरडी उतरवून घेतली, तेव्हा मान एवढी अवघडली होती की देवाला नमस्कार मी तिरकाच केला.

उतरून आलो तेव्हा भावकी जेवणाच्या तयारीला लागली होती. दादा जीपपाशी एकटेच होते. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळाचं नाही, दुसरं. बोटं नाडीवर ठेवली आणि डोळे मिटून बसले. मोजत नव्हते, नुसते धरून होते.

मी विचारलं, "दादा, चक्कर कधीपासून यायची?"

"पोळ्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

मनगट त्यांनी सोडलं नाही.

"तू महिन्याला घड्याळ बांधायचा. आकडा बघून तुझं तोंड असं फुलायचं. दादा, तुम्ही लई भारी, म्हनायचा. तू शाळेत पयला आला तवा मी मेंढरं घेऊन लांब मुलखात होतो. मला तसं तोंड बघायलाच नाय भेटलं कधी." मग जरा थांबून म्हणाले, "म्हनलं, जाऊ दे अजून खाली."

मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आमच्या दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं, दादा?"

"मला काय ठावं?" ते म्हणाले.