झ लावून लिहिलेला ग्रंथ

जुन्या पुस्तकांच्या त्या दुकानात तिला सगळे शंकाबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. दूध घेतलं की आधी वास घ्यायचा, कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, कुणी गोड बोललं की याला काय हवंय ते शोधायचं, हा तिचा स्वभाव. संसारात या स्वभावाने तिचं काही भलं झालं नाही; नवरा फार काळ टिकला नाही. दुकानाचं मात्र सोनं झालं. विकायला आलेल्या पुस्तकातली पानं मधूनच गायब आहेत का, पहिली आवृत्ती म्हणून दुसरीच गळ्यात मारताहेत का, लेखकाची सही खरी की भाच्याने केलेली, हे सगळं ती माळ्याखालच्या टेबलाशी बसून बघायची. इतक्या वर्षांत कुठलीही वस्तू ‘अस्सल’ असल्याचं तिच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. फार तर ‘चालेल’ म्हणायची, आणि मालक तेवढ्यावर खूश असायचा.

एक दिवस एक दलाल कापडात गुंडाळलेलं हस्तलिखित घेऊन आला. पिशाचाला बोलावण्याचा ग्रंथ. कुण्या प्राचीन राजाने सांगितलेला, शिशाच्या पेटीत सापडलेला, नालायकाच्या हाती पडला तर त्याचं वाटोळं करणारा. मालकाचे डोळे चमकले, कारण असल्या गोष्टींवर जीव टाकणारं एक गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचं होतं. शंकाबाईने नाक मुरडलं. असले ग्रंथ तिच्या हाताखालून पुष्कळ गेले होते. प्रत्येकाच्या नावावर कुठलातरी राजा नाहीतर सिद्धपुरुष असतो, आणि सापडलेली सगळ्यात जुनी प्रत बघावी तर त्या राजानंतर हजारभर वर्षांनी कुणीतरी लिहिलेली. आधीची पोथी होती, पण ती जळाली. कायम जळालेलीच असते. उरतात त्या नकलांच्या नकला, आणि जितकी नक्कल नवी तितका राजा जुना.

हाही ग्रंथ त्याच माळेतला मणी. पानं चहात बुडवून पिवळी केलेली. नाकाशी धरली तर अजून वास येत होता. कडा मेणबत्तीवर धरून जाळलेल्या, पण जाळणाऱ्याने अक्षरं तेवढी सांभाळली होती. ती ग्रंथ मिटणार, इतक्यात मालकाने हौसेने आवाहनाचा मंत्र मोठ्याने वाचला, “झाईत झारद झावल, झांजरम झेईलय.” भुतांची भाषा आहे, असं दलाल हलक्या आवाजात म्हणाला.

शंकाबाईच्या हातातलं भिंग टेबलावर पडलं.

भुताखेतांचा काही संबंध नव्हता. ‘ताई, दार लाव, मांजर येईल’, इतकंच त्यात लिहिलं होतं. लहानपणी सगळी मुलं च लावून चोरटी भाषा बोलतात. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. पण च बसवला की काही साधे शब्द भलतेच होऊन बसतात, आणि अशाच एका शब्दापायी ती आणि तिचा धाकटा भाऊ यांनी आईच्या हातचा सणसणीत मार खाल्ला होता. तेव्हापासून दोघांनी च सोडून झ धरला. ग्रंथाच्या शेवटी पिशाचाला परत पाठवायचा मंत्र होता. ‘झळप झळप, झाबाब.’ पळ पळ, बाबा! वडील गल्लीच्या तोंडाशी दिसले की धाकटा हेच ओरडायचा.

तो धाकटा विशीत घर सोडून गेला होता. वडिलांचं सोन्याचं घड्याळ नाहीसं झालं, आणि ते यानेच उचललं असं सगळ्यांसमोर म्हणणारी ही ताईच होती. त्यानंतर त्याचं ना पत्र आलं ना निरोप. आईने शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावले. घरातल्या बाकीच्यांनी तो गेला असंच धरून टाकलं. शंकाबाईला मात्र त्याच्या मरणाचीही खात्री पटली नव्हती.

आता आशा वाटली म्हणून ती लगेच धावत सुटेल, अशातली ती नव्हती. तिने संशय धरला. झ ची भाषा आणखी चार पोरांनी काढली नसेल कशावरून? आणि भावानेच कधी हे लिहिलं असलं, तरी त्याची नक्कल कुणी तिसऱ्यानेच केली नसेल कशावरून? तो मरून गेला असेल आणि त्याची मांजर तेवढी या पोथीतून त्या पोथीत फिरत असेल. तिने भिंग उचललं आणि पानन् पान पुन्हा वाचलं. मालक दोनदा घसा खाकरून गेला. मधल्या एका पानावर मंत्र परत आला होता, आणि तिथे ‘झांजरम’च्या आधी एक अक्षर खोडलेलं होतं. उजेडात तिरपं धरल्यावर दिसलं. आधी ‘मां’ लिहिलं होतं.

नक्कल करणारा झ च्या जागी चुकून ल लिहील, एखादं अक्षर गाळील. मां तो लिहिणार नाही. ज्याच्या डोक्यात मांजर आहे, त्याचाच हात तसा घसरतो. आणि चहाचा वास तर अजून जिवंत होता.

काय ठरलं, असं मालकाने विचारलं.

“लबाडी आहे सगळी,” ती म्हणाली, “पण अस्सल आहे.”

मालकाला काही कळलं नाही. तिने दलालाला कोपऱ्यात घेतलं. शिशाची पेटी तिने दोन वाक्यांत उडवली, आणि लिहिणाऱ्याला बघितल्याशिवाय मालकाला होकार देणार नाही म्हणून अडून बसली. दलाल बराच वेळ आढेवेढे घेत राहिला. शेवटी कबूल झाला. धोब्याच्या दुकानामागे एका खोलीत एक म्हातारा राहतो. महाविक्षिप्त. पोथ्या खिडकीतून देतो, दार कुणालाच उघडत नाही.

ती त्याच दुपारी गेली. इस्त्रीच्या वाफेने ओली झालेली एक बोळ, तिच्या टोकाला हिरव्या रंगाचं दार. तिने थाप मारली. आतून खोकला ऐकू आला. मग तिने दाराशी तोंड नेऊन हळूच म्हटलं, “झाईत झारद झावल.”

“पुस्तकात आहे ते,” आतून कंटाळलेला आवाज आला. “सगळेच येऊन म्हणतात. जा.”

ती ताई आहे असं तिने सांगितलं. ताई आहे असं सांगणारी एक बाई मागच्या वर्षीही येऊन गेली, असं उत्तर मिळालं. तिला पिशाचाकडून जमिनीचा निकाल हवा होता. हिने आईचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. ते कुणालाही चौकशी करून कळेल, असं आतला म्हणाला. शंकाबाईला त्याचा राग आला नाही. तिच्याकडे आलेल्या माणसांना तिने आयुष्यभर हेच ऐकवलं होतं. दाराच्या या बाजूला उभं राहून ते कसं लागतं, ते आज पहिल्यांदा कळत होतं.

कुणालाच ठाऊक नाही असं तिच्यापाशी एकच होतं. ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

“घड्याळ बाबांनीच विकलं होतं,” ती म्हणाली. “तू गेलास त्याच आठवड्यात मला कळलं. मी तोंड उघडलं नाही. मी खोटी ठरले असते.”

आतला खोकला थांबला.

“हे पुस्तकात नाही,” बऱ्याच वेळाने आवाज आला.

त्यानंतरही दार उघडलं नाही. ती उभी राहिली, पाय भरून आले तशी पायरीवर टेकली. धोब्याने दोनदा डोकावून बघितलं. आत तो विचार करत होता, की रडत होता, की नुसताच दाराला कान लावून बसला होता, ते तिला समजेना. घाई कर असं म्हणायला तिची जीभ रेटली नाही. तिने त्याच्यापेक्षा फार जास्त वेळ लावला होता. कडी निघाली तेव्हा धोब्याचं दुकान बंद झालं होतं, आणि ती अजून तिथेच बसलेली होती.