रंगातले खळगे

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आणि मी काही गोष्टी पोटात ठेवणारा माणूस नव्हे! लग्नाचा मांडव असो की बारसं, माझ्याभोवती चार माणसं जमतातच. आमच्या सरावली गावात कुणाच्या बोकडानं कुणाचं धोतर खाल्लं, ते मी तीन आवाजांत करून दाखवतो — बोकडाचा धरून. पण ही एक मागे ठेवलेली. का, ते सांगतो. जरा दमानं सांगू द्या.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची. बोईसर स्टेशनापासून जवळच एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही विजेच्या स्विचांच्या लोखंडी पेट्या रंगवायचो. फवाऱ्यानं रंग मारायचा, मग भट्टीत भाजून पक्का करायचा. फवारा माझ्याकडे. फवाऱ्याची गन हातात आली की मी रंगारी राहायचो नाही, नाटकातला राजपुत्र व्हायचो. एक पाय पुढे, मनगट सैल, केसांवरून ऐटीत मागे फिरवलेला तळहात — काय केस होते हो! दाट, मागे वळवलेले, मोगऱ्याच्या तेलानं चमकणारे. मग तळहातानं पत्र्यावरची धूळ टिपायची, आणि फवारा सुरू.

जानकीबाई या पेट्यांचे पत्रे रंगाआधी धुवायची. समुद्राकडच्या कोळीवाड्यातून पहिल्या एसटीनं यायची. गरम सोड्याच्या पाण्यात पत्रे बुडवून त्यांच्यावरचं तेल उतरवायचं, हे तिचं काम. घरी गेल्यावर मासळी खारवायची. दोन्ही कामं हातांची — नुसत्या हातांची.

आणि एकदा रंगात खळगे येऊ लागले. बारीक, गोल, तळाशी उघडा पत्रा दिसणारे. रंगाला तेल लागलं की असं होतं. तेलावरून रंग मागे सरतो, बसतच नाही. मग भाजलेली पेटी पुन्हा घासा, थिनरनं पुसा, पुन्हा रंगवा, पुन्हा भाजा. शेठ वैतागला. तेल म्हटल्यावर त्याला कोण आठवणार?

“बाई, बोंबील घरी ठेवून येत जा. तुझ्या हातांनी माझा माल नासतोय.”

“शेट, वास असंल. आमचा वास हायच,” ती म्हणाली. “पन तेल नाय हाय माजे हाताला.”

आणि मी? मी नाक धरून दोन उड्या मागे मारल्या. अख्खी शेड हसली. तीही हसली — थोडं उशिरा.

सोमवारी ती आली, पोत्यातला सोडा मुठीनं घेतला, नारळाच्या काथ्यानं कोपरापर्यंत हात घासले. त्या दिवशी एकही खळगा नाही. रंग कसा, आरशासारखा! “बघ, घासल्यावर गेलं की नाही?” शेठ म्हणाला. बाईचा चेहरा उजळला.

आता ऐका. रविवारी मी शिकेकाईनं डोकं धुतलं होतं आणि तेलाची बाटली संपली होती. मंगळवारी संध्याकाळी नवी आणली. बुधवारी खळगे पुन्हा हजर. बाई घाबरून सोड्याच्या पोत्याकडे धावली, आणि मी माझ्या तळहाताकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाल्यावर मी केसांतून बोटं फिरवली, भंगारातल्या एका स्वच्छ पत्र्यावर टेकवली, वरून फवारा मारला. पाच बोटांच्या जागी पाच खळगे. मी तो पत्रा भंगाराच्या तळाशी सरकवला.

एक वाक्य बोलायचं होतं. शेठ, तेल माझ्या केसांचं आहे. बस! नोकरी गेली असती का? छे. पालघरपर्यंत माझ्यासारखा फवारेवाला त्याला मिळाला नसता. हसले असते, एवढंच. मी लोकांना हसवत आलो — पण मला कुणी हसावं, तेही मोगऱ्याच्या तेलावरून? मी डोक्याला रुमाल बांधला. विचारणाऱ्यांना सांगितलं, रंगाच्या वाफेनं केस गळतात. हात थिनरनं पुसू लागलो. खळगे गेले ते कायमचे गेले.

आणि श्रेय सोड्याला मिळालं.

ती रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत हात घासायची. सगळा हिवाळा. आधी कातडी पांढरी पडली, मग पेरांपाशी भेगा पडल्या, मग भेगा भरेनात. बाई, आता पुरे, एवढंसुद्धा मला म्हणता आलं असतं. कारण न सांगताही म्हणता आलं असतं! पण ‘पुरे’ म्हटल्यावर ‘का’ आलं असतं. “मीठ लागला का जीव जातं,” एकदा ती म्हणाली. मग मासळी खारवणं बंद झालं. ते जावेकडे गेलं, आणि त्याबरोबर जावेचे टोमणेही. होळीच्या आधी तिला पत्रासुद्धा धरवेना. शेठनं तिचा हिशेब चुकता केला.

निघताना ती माझ्याकडे आली. दोन्ही तळवे माझ्या नाकापुढे धरले. जांभळट, चिरलेले, कडेला रक्त सुकलेलं.

“भाऊ, तुमी खरा सांगा. अजून येतो का वास?”

मी वाकून हुंगलं. नुसता सोडा.

“नाही, जानकीबाई,” मी म्हणालो. “आता नाही येत.”

ती इतकी खूश झाली. “म्हंजे शेट खरा बोलत होता,” म्हणाली, पदरात हात गुंडाळले आणि एसटी गाठायला गेली.

नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ‘आता’ मी विचार करून घातलं होतं.