‘मंडेन’पुढची रिकामी जागा

मल्लिनाथसर गेल्याची बातमी मला फोनवर कळली, आणि फोन करणाऱ्याने त्याच दमात विचारले, "सर, शोकसभेत तुम्ही काय बोलणार?" या घाईबद्दल मी त्याला तेव्हाच चार शब्द सुनावले. पुढे त्या सभेत जे ऐकले, त्यावरून ते चार कमीच पडले असे वाटते. एका वक्त्याने सांगितले की, ‘मंडेन’ (mundane) या इंग्रजी शब्दासाठी सरांनी अखेर ‘सामान्य’ हा प्रतिशब्द स्वीकारला होता. दुसऱ्याने ‘ऐहिक’ सांगितले. दोघेही सरांचे विद्यार्थी, आणि दोघेही चूक. सरांची शब्दांची वही आता छापली जात आहे. तीत या एकाच शब्दापुढची जागा रिकामी राहिली होती. तिथल्या शब्दाबद्दल भलतेच काही पसरू नये, म्हणून हा लेख.

सोलापुरातल्या एकाच शाळेत आम्ही उभी हयात शिकवले. ते इंग्रजी, मी मराठी. वळसंगचा हा माणूस वर्गात कडक इस्त्रीची भाषा बोले आणि शिक्षकांच्या खोलीत आला की गावची. इंग्रजी शब्दांना लोकांच्या तोंडचे मराठी शब्द शोधणे हा त्यांचा छंद. ‘मंडेन’ने मात्र त्यांना छळले. ज्यात मुद्दाम सांगावे असे काहीच नसते, ते मंडेन. शब्दकोश ‘ऐहिक’ म्हणत. "ऐहिक म्हटलं की पोरं मांडी घालून प्रवचनाला बसत्यात," ही सरांची तक्रार. आणि ‘सामान्य’ म्हणताना कोणीतरी माडीवरून खाली बघते आहे, असे त्यांना वाटे. हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. सभेतले वक्ते तेव्हा पाढे पाठ करीत असतील.

मग सर लोकांनाच विचारू लागले. आम्ही एकदा एसटीने बार्शीला निघालो होतो. त्यांनी वाहकाला गाठले. "ज्यात सांगण्यासारखं काय बी नसतं, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"ड्यूटी," तो म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे वळला. वैरागचा थांबा येईपर्यंत सर हसत होते...

शब्द सापडला तो त्यांच्याच घरी. दुपारी ताटे मांडलेली होती. मी सहज वहिनींना विचारले, "आज काय बेत?"

"कसला बेत, भावजी. नेहमीचंच की."

कडक भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट दही. सरांचा घास हातातच राहिला. "जाधवसर, घावला. नेहमीचं."

"हा प्रतिशब्द नव्हे, कुरकुर आहे," मी म्हणालो.

"कुरकुर? किती खुशीत म्हणली ती, बघितलं न्हाय का?"

"इंग्रज हा शब्द जांभई देत वापरतो. तुमच्या शब्दात ती जांभई कुठे आहे?"

"जांभई त्यांची त्यांना ठेवू द्या की. आपल्याला शब्द पायजे."

"दोघं मास्तर खुशाल भांडा," वहिनी म्हणाल्या, "पर तोंडात घास घालून भांडा."

दिवेलागणीपर्यंत आम्ही भांडलो. मी हटलो नाही, आणि पुढेही कधी हटलो नाही. भेटलो की सर विचारीत, "काय जाधवसर, नेहमीचंच?" मी मान फिरवून चालू लागे. त्यांना त्याचाच आनंद अधिक होई.

गेल्या आठवड्यात सभेतला तो पहिला वक्ता छपाईची प्रुफे घेऊन माझ्याकडे आला. "सरांचं ठरलंच नव्हतं, म्हणून जागा रिकामी," आता त्याची ही नवी कथा. मी म्हणालो, "ठरले होते. मी समोर बसलो होतो. मूळ वही आणा." दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. जागा खरोखरच रिकामी होती. समासात मात्र शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिले होते: ‘नेहमीचं. जाधवसरांची हरकत आहे. ते हो म्हणतील त्या दिवशी शाईने लिहू.’

इतकी वर्षे ती जागा माझ्यासाठी अडून होती... हे मलाही ठाऊक नव्हते, हे इथे नमूद करतो.

विद्यार्थ्याने निळे पेन पुढे केले. सर काळ्या शाईखेरीज लिहीत नसत. मी स्वतः जिना उतरून काळे पेन आणले, आणि माझी हरकत कायम ठेवून तो शब्द लिहिला. त्याने त्या पानाचा फोटो घेतला, छपाईचे काम पुढे गेले. वही मात्र मी अजून परत दिलेली नाही.