माळ फिरते तिथे

मी आज शिक्षक आहे तो नांदगावकडच्या माझ्या पहिलीच्या बाईंमुळे. आमच्या घरात तोवर पदवीपर्यंत कुणी गेलं नव्हतं. एकदा मी पाटीवर बेरीज भलतीच मांडली, तेव्हा बाई माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या नि म्हणाल्या, "कसं केलंस, सांग बघू." तेव्हापासून शाळा मला आपली वाटली.

आता मी नाशिकजवळच्या गावात पहिलीला शिकवतो. पोरं बहुतेक फुलशेती करणाऱ्यांची. आकृतिबंध शिकवायला मी मोठ्या हौसेने त्यांच्याच फुलांचा स्लाइड शो केला. पिवळा झेंडू, केशरी झेंडू, पांढरी शेवंती. पुन्हा तेच तीन. पुढे रिकामा चौकोन. उत्तर बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की भोंगा.

सगळी ओरडली, "पिवळा!" एक मुलगी उभी राहून म्हणाली, "केशरी, सर. ही शेवंती मधली, तिच्यापासून माळ माघारी फिरती ना."

मी भोंगा वाजवला.

"सर, हिला रंगच कळत नाय!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला. मीही हसलो.

दसऱ्याच्या आधी सरस्वतीपूजनाला तिच्या आईने हार आणून दिला. तसबिरीला घालताना मी पाहिलं, मधल्या शेवंतीच्या दोन्ही अंगांना आधी केशरी, मग पिवळा.

"पोरीनंच ओवला, सर," आई कौतुकाने म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्या नाय आल्या, तर हार वाकडा दिसतो."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की तिचं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती. मग तिला म्हणालो, "ये बाळा, माळ कशी फिरते ते फळ्यावर दाखव." ती जागेवरून उठली नाही.

"मला नाय येत, सर."

"भों!" कुणीतरी हळूच केलं. मी दटावलं, पण तिने मान खाली घातली होती. नंतर तिने कधी हात वर केला नाही. दिवाळीनंतर तिचे वडील दाखला न्यायला आले. घर पेठ तालुक्यात हलणार होतं. ती दारात उभी होती. मी हाक मारली, तर वडिलांच्या मागे सरकली.

त्या संध्याकाळी मी पत्राला बसलो. पूर्ण व्हायला आठवडा लागला.

"आदरणीय बाई, सादर प्रणाम.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं बरोबर उत्तर मी सगळ्यांदेखत चूक ठरवलं. नंतर माफी मागितली, पण तोवर ती बोलायची थांबली होती. तुम्हाला अभिमान वाटावा असा शिक्षक मी झालो, असं समजत होतो. तुम्हाला हे कळवायची लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

काल तिच्या नव्या शाळेत फोन केला. तिथले गुरुजी म्हणाले, 'फार गुणी पोर आहे हो. काहीच बोलत नाही, काही त्रास नाही.'

आपला विद्यार्थी"