अब्बांनी घेतलेली टेकडी

माझ्या अब्बांनी एकट्याने टेकडी काबीज केली, ही गोष्ट मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या हॉलमध्ये चाळीसेक वेळा तरी सांगितली असेल. पहिल्यांदा शत्रू सात होते. गेल्या ईदला एकशे दहा झाले, वर एक रणगाडा.

दोष माझा एकट्याचा नाही. समोरच्या फ्लॅटमधले पुण्याचे शेजारी दर रविवारी आमच्याकडे सिनेमा बघायला येतात. युद्धाचा असला आणि त्यात मुसलमान शिपाई असला, की पुढचं मला पाठ असतं. पलटण त्याच्याकडे संशयाने बघणार, तो छातीवर गोळ्या झेलणार, मग साहेब सॅल्यूट ठोकणार. दिवे लागले की शेजारी डोळे पुसत म्हणतात, "भाई, तुमच्यात पण काय एकेक वाघ असतात हो!" माणूस प्रेमाने बोलतो. मी मात्र थकतो, आणि थकलो की आणखी दहा शत्रू मारतो.

परवाच्या रविवारी मुलीने वही उघडली. "पप्पा, टुमारो आय हॅव टू स्पीक अबाउट दादा. होल क्लाससमोर. हाउ मेनी, एक्झॅक्टली?" तिचे दादा म्हणजे माझे अब्बा.

"एकशे दहा ना, भाई?" शेजारी म्हणाले.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की रणगाडा जागीच वितळला.

"एकही नाही," मी म्हणालो. "दादा फौजेत स्वयंपाकी होते."

"जस्ट अ कुक?"

"एक हवालदार त्यांच्या हातचं खायचा नाही. मुसलमानाच्या हातचं नको म्हणायचा. चहात बिस्किटं बुडवून राहायचा. दादा रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायचे, रोज तसंच परत न्यायचे. आठ महिने."

"देन?"

"एक दिवस आला, झाकण काढलं, जेवला. म्हणाला, डाळ आहे का अजून?"

"अँड द सॅल्यूट?"

"कसला सॅल्यूट? डाळ होती, वाढली. खलास."

अब्बा हे सांगताना हसायचे. मला ते हसू कधी जमलं नाही, म्हणून मी टेकडी रचली.

शेजारी पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "भाई, आठ महिने? खरंच?"

"आठच."

आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा फुगवला नव्हता, आणि नेमका त्यावरच त्यांचा विश्वास बसेना.

मुलीने वहीतली टेकडी खोडली, रणगाडा खोडला. पेन तसंच धरून विचारलं, "विच डाळ?"

"मसूर," मी म्हणालो. "पातळ. जरा करपलेली."