निळ्या डब्या

वसुधा गेली, हे तिच्या भावानं मला फोनवर सांगितलं. मी मेथी निवडत होते. "बरं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा निवडायला बसले... पानं टाकून काड्या ठेवल्या, हे यांनी दाखवल्यावर कळलं. दीड महिना होत आला, अजून एका जागी बसवत नाही. आणि राग येतो तिचा. आजारी आहे म्हणून एका शब्दानं सांगितलं नाही बाईनं.

जालन्याला आम्ही एका बाकावर शिकलो. मी मास्तरीण झाले आणि यांच्या नोकरीपायी अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत आले. ती संशोधनात गेली. एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागल्या, तरी ऊसतोडीच्या बाया त्या मधेच का सोडतात, हा तिचा अभ्यास. वडीगोद्रीला एसटीतून उतरायचं, मिळेल त्या ट्रॅक्टरवर बसायचं आणि माझ्या दारात येऊन उभ्यानंच चहा मागायचा. बस म्हटलं की म्हणायची, बसले की झोप येते. पायाला भिंगरी, दुसरं काय!

वरच्या बैठकीत साहेब लोकांनी ठरवून टाकलं होतं की बाया अडाणी, हयगय करतात. वसुधा फणकारली. ती ऊसतोड्यांच्या तळावरच्या खोप्यांमधून हिंडली, उसाच्या फडात बायांसोबत मोळ्या बांधल्या, तेव्हा खरं कळलं. गोळ्यांचा डबा खुळखुळ वाजायचा आणि खोपीत लपवायला कोनाडासुद्धा नसतो. तोडणी चालते जोडीनं, एक बाप्या एक बाई. बाईच्या आजाराचा बोभाटा झाला की मुकादम जोडीच काढून टाकायचा. म्हणून बायाच डबा पाचटात फेकून द्यायच्या.

मग आमच्या या हुशार बाईनं काय करावं? बाजारातून घट्ट झाकणाच्या निळ्या डब्या आणल्या, आत कापूस घातला आणि गोळ्या घेणाऱ्या बायांना एकेक दिली. मलाही फार पटलं ते. आठवडा गेला नाही तोच सगळ्या तळाला ठाऊक झालं, निळी डबी म्हणजे 'ती' बिमारी.

त्यात सापडली कौसाबाई. नाव बदललंय मी. नवरा वारलेला, दिरासोबत तोडायची. मुकादमानं तिला काढलं तेव्हा वसुधा त्याच्याशी भांडली, तर तो म्हणाला, मी काय करू, बाया तिच्या घागरीचं पाणी पेईना झाल्या. कौसाबाई गाठोडं घेऊन तीर्थपुरीकडच्या तिच्या गावाला निघून गेली. वसुधा मागोमाग गेली.

"तुमची डबी घेऊन जा ताई," कौसाबाईनं दारातूनच सांगितलं. "तिच्यापाई माझं काम गेलं."

गोळ्याही घेतल्या नाहीत तिनं. पुढचा हंगाम काही बघितला नाही.

त्या हंगामात संक्रांतीला वसुधानं तळावर हळदीकुंकू केलं. झाडून सगळ्या बायांना बोलावलं, विधवांनाही, आणि तीच निळी डबी सरसकट वाण म्हणून लुटली. मुकादमाच्या बायकोला, वसाहतीतल्या बायांना, मला. कुणी तिच्यात मिसरी ठेवली, कुणी सुयादोरा, कुणी गोळ्या. निळ्या डबीकडे मग कोण बघतंय? तिच्या संस्थेत म्हणे फार कौतुक झालं. मी पेढे आणले, तर ही ओसरीत नुसत्या येरझाऱ्या घालत होती... "हे मला एक साल आधी का नाही गं सुचलं?" मी पेढे तसेच फडताळात ठेवून दिले.

तेव्हापासून ती कुणाचं नावच घेईना. आता गोळ्या कोण कोण घेतंय, मी खोदून खोदून विचारायची. "तुला काय करायचंय?" म्हणायची. एवढी जिवाभावाची मैत्रीण मी, मला लागायचं ते.

परवा दुपारी एक बाई आली. कोण, कुठली, ते लिहिणार नाही. इतक्या वर्षांची ओळख, पण तिच्याबद्दल मला कधी शंकासुद्धा आली नव्हती. दाराशी घुटमळली, वसुधाताई गेल्या म्हणे, असं काहीतरी पुटपुटली. मग पदराखालून निळी डबी काढली. रिकामी होती.

"जालन्याहून गोळ्या ताईच आणून द्यायच्या," ती म्हणाली. "आता कोणाला सांगू?"

तिला आत घेतलं, चहा केला, डबी ठेवून घेतली. सोमवारी मीच जाते म्हणाले.

ती गेल्यावर यांनी आतून विचारलं, "कोण आल्ती?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "विरजण मागायला आल्ती."