छोट्या लाईनीवरची घंटा

“न्हाई देत लाईन क्लिअर. रुळावर पोरगी हाय.”

बाबा खाटेवरून कुणाला तरी सांगत होते. मी स्वयंपाकघरात पेज गाळत होते.

“कोणती पोरगी ओ भाऊ? तुमची तर आत पेज करायलीय,” उशाशी बसलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या.

आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी मनातल्या मनात कारणं शोधायचे. बाबांच्या बोलण्यालाही माझ्याकडे शब्द होता... डिलिरियम, म्हणजे भ्रमातलं बोलणं. औषधांमुळे होतं.

आमचं घर पूर्णा जंक्शनच्या मागे. मीटरगेजच्या, म्हणजे छोट्या लाईनीच्या काळात बाबा तिथल्या सिग्नल केबिनमध्ये कामाला होते. पुढच्या स्टेशनाहून घंटेचे दोन ठोके यायचे — गाडी पाठवू का? लाईन मोकळी असेल तर बाबा तेच दोन ठोके परत द्यायचे, म्हणजे लाईन क्लिअर. रुळावर काहीही असलं तर उत्तर नाही, गाडी तिकडेच उभी. पुढे ती छोटी लाईन उखडली, केबिनही पाडली. आता आमच्या परसामागे नुसती खडी आणि बाभळी.

लहानपणी मी शाळेतून आले की दार लावून बसायचे, कुणाशी बोलायचे नाही. बाबा दारावर दोनदा टकटक करायचे. मी आतून दोनदा केली तरच आत यायचे.

आई गेल्यापासून आम्ही दोघंच. नांदेडच्या डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंजेक्शनचा असर ओसरला की नुसता हात लागला तरी ते कण्हायचे. तरी जीव जात नव्हता. आणि सारखं तेच वाक्य.

त्या दुपारी परसाकडून घंटा वाजली. दोन ठोके, अगदी जवळून.

“कुल्फीवाला आला का गं? एवढ्या उन्हात?” काकू म्हणाल्या. म्हणजे त्यांनीही ऐकली.

मी मागचं दार उघडलं. कुणी नव्हतं. बाभळीखाली एक शेळी, चरायची थांबून केबिन होती त्या बाजूला बघत होती.

वळले तर बाबा माझ्याकडे बघत होते. घंटा पुन्हा वाजली.

“हलतच न्हाई ती,” ते त्या आवाजाला म्हणाले. माफी मागितल्यासारखे.

ती घंटा कुठली, मला आजही माहीत नाही. नंतर स्टेशनवर चौकशी केली. तसली घंटा आता पूर्ण्यात कुठेच नाही म्हणे. डिलिरियम म्हणावं, तर काकूंना आणि मला कशी ऐकू आली?

मी लोखंडी खाटेच्या दांडीवर बोटाने दोनदा वाजवलं. बाबांना ऐकू गेलं नाही. आवाज आलाच नसेल. मग मी त्यांच्या कानाशी वाकले आणि काकूंच्या देखत, मोठ्याने म्हणाले,

“बाबा, मी बाजूला झाले. येऊ द्या गाडी.”